पाचवे पिल्लू कोणाचे?

डॉ. इंदुमती बेळगुंदकर यांना मी प्रथम भेटले तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत आमच्या घरचे मांजर शिंकत होते. कंग्राळीहून रिक्षाने त्याला बेळगावात आणले होते. दवाखान्यात गर्दी होती. केसपेपर आक्का स्वतःच लिहीत. सारे बेळगाव त्यांना आक्काच म्हणते, म्हणून मीही पुढे तेच लिहिणार आहे. मालकाचे नाव, मांजराचे वय वगैरे विचारून झाल्यावर त्यांनी जात विचारली.

"साधं मांजर आहे," मी म्हणाले.

"साधं म्हंजे कुठलं?"

"गावठी."

"ते राहण्याचं ठिकाण झालं. जात विचारली मी."

मला सांगता येईना. त्यांनी त्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिले, मांजराला इंजेक्शन दिले आणि त्याच्या पाठीचा एक केस उपटून भिंगासह माझ्या हातात ठेवला. केस काळपट दिसत होता. भिंगाखाली त्यावर काळे आणि फिकट पिवळे पट्टे एकाआड एक होते, एखाद्या मोजपट्टीसारखे. पुढच्या पेशंटला तपासता तपासता त्या सांगत राहिल्या की असाच पट्ट्यांचा केस ससा, कोल्हा, रानमांजर यांनाही असतो. घरातली सगळी मांजरे पश्चिम आशियातल्या एका छोट्या रानटी मांजरापासून आली. आपल्या उसातले रानमांजर त्यांचे पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातले. आणि माणसाने मांजराला पाळले की धान्याच्या कोठारातल्या उंदरांसाठी मांजरच माणसाजवळ राहायला आले, यावर अजून वाद आहे. मी भिंग परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पुढच्या शनिवारी आणून दे." त्या शनिवारी मी गेले आणि नंतरची दोन वर्षे बहुतेक शनिवारी जात राहिले.

आक्का पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन बेळगावात परतल्या तेव्हा या पेशात बायका जवळजवळ नव्हत्या. सुरुवातीला लोक म्हशी घेऊन येत आणि डॉक्टर कुठे आहेत असे त्यांनाच विचारत. त्यांचे मुख्य काम अनेक वर्षे गाई-म्हशींचेच होते. त्या पिढीतल्या सहकाऱ्यांनी त्याबद्दल या गौरवग्रंथात लिहिले आहेच. मी त्यांच्याकडे येऊ लागले तोवर शहर बदलले होते. फ्लॅटमधून पर्शियन, सयामी, बेंगाल अशी मांजरे येऊ लागली होती, आणि त्यांच्याबरोबर नवे प्रश्न.

एक प्रसंग सांगते. एका वकीलसाहेबांच्या सयामी मांजरीचे आक्कांनी ऑपरेशन केले होते. दिवस थंडीचे. ऑपरेशनसाठी पोटाच्या बाजूचे केस काढले होते. दीडेक महिन्याने वकीलसाहेब ती मांजरी घेऊन तणतणत आले. पांढरट अंगावर एक गडद तपकिरी चौकोन उगवला होता. त्यांचे म्हणणे असे की काहीतरी औषध लावून कातडी भाजली आहे, आणि ते नोटीस पाठवणार आहेत. आक्कांनी त्यांना चहा दिला आणि विचारले की या मांजरीचे कान, नाक, पंजे आणि शेपूटच काळे का असते. मग आक्कांनी समजावले. सयामीच्या अंगात रंग तयार करणारे जे द्रव्य असते ते उबेत काम करत नाही, गारव्यात करते. शरीराची टोके गार असतात म्हणून ती काळी. केस काढल्यावर पोटाची ती जागा बेळगावच्या थंडीत गार पडली आणि नवे केस काळे आले. पुढच्या वेळी केस गळून येतील ते पांढरे असतील. जाताना वकीलसाहेबांनी विचारले की मग हिला महाबळेश्वरला नेले तर पूर्ण काळी होईल का. आक्का म्हणाल्या, "न्या आणि मला कळवा." ते खरेच विचार करत गेले.

पर्शियनच्या चपट्या नाकाबद्दल मात्र त्या हसून बोलत नाहीत. माणसाला तोंड गोंडस दिसावे म्हणून जनावराचा श्वास आखूड केला आहे, हे त्या प्रत्येक पर्शियनवाल्याला सांगतात. त्यामुळे काही पर्शियनवाले दुसरीकडे जातात.

कायद्याच्या बाबतीतही त्या कोणाला सवलत देत नाहीत. खानापूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी कणकुंबीच्या जंगलाच्या बाजूने एक ठिपक्यांचे पिल्लू आणले होते. बेंगाल म्हणून पाळायचे त्यांच्या मनात होते. बेंगाल ही जात बिबट्या मांजराशी घरच्या मांजराचा संकर करून परदेशात तयार झाली. या पिल्लाच्या कानामागे काळ्यावर पांढरा ठिपका होता, नाकावरून कपाळावर पांढरे पट्टे होते. घरचे रक्त त्यात असल्याचे कुठलेच लक्षण दिसत नव्हते, म्हणजे ते रानातले बिबट्या मांजरच होते, आणि ते पाळायला कायद्याने बंदी आहे. आक्कांनी त्याला तपासण्याआधी वनखात्याला फोन लावला आणि मग त्या गृहस्थांना खुर्ची दिली. ते रागावले. त्यांच्या घरच्या नंतरच्या लग्नाचे बोलावणे आक्कांना आले नाही. हे आक्का मजेने सांगतात.

आता एक वैयक्तिक गोष्ट, ती लिहिणे आवश्यक आहे म्हणून. एम.एस्सी.साठी मला दूरच्या शहरात प्रवेश मिळाला तेव्हा माझे वडील, आप्पा, तयार नव्हते. मी ते आक्कांना सांगितले नव्हते, पण मी अर्ज कधी भरणार हे त्यांनी दोनदा विचारले आणि मी दोनदा विषय बदलला. पुढच्या आठवड्यात त्या कंग्राळीला आमच्या दारात उभ्या. म्हैस बघायला आले म्हणाल्या. म्हैस त्यांनी खरेच नीट बघितली, दूध कमी का देते यावर आप्पांशी तासभर बोलल्या, पेंड बदलायला सांगितली. माझा विषय निघालाच नाही. चपला घालताना त्यांनी आप्पांना विचारले, "पोरगी कधी जाणार म्हणालात? गाडी सकाळची घ्या, रात्रीच्या गाडीला लई हाल होतात." आप्पा म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळच्या गाडीचे तिकीट काढले. म्हशीचे दूध वाढले की नाही हे मला आठवत नाही.

त्या शिक्षणानंतर मी प्राण्यांच्या डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. सुट्टीत आले की शनिवार आक्कांचा, हे ठरलेले राहिले. अशाच एका सुट्टीत निपाणीचा प्रसंग घडला. आक्कांचे काम, त्यांची पद्धत आणि त्यांचा स्वभाव या तिन्हींचे वर्णन करायला मला यापेक्षा चांगला पुरावा सापडलेला नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने देते.

निपाणीजवळ बाळासाहेब चौगुले यांचा ऊस आहे. त्यांच्या गाईंमुळे आक्कांची त्या घराशी जुनी ओळख. ऊसतोड चालू असताना टोळीतल्या बायकांना पाचटाखाली मांजराची पिल्लं सापडली. आई पळाली होती. बायकांनी पिल्लं टोपलीत घालून बाळासाहेबांच्या पत्नी सुमनकाकूंना आणून दिली. काकूंच्या घरच्या भाटीला, म्हणजे मांजरीला, नुकतीच पिल्लं झाली होती आणि ती माडीवर एका वेताच्या बुट्टीत होती. काकूंनी विचार केला की आईवाचून पिल्लं मरतील, आपली भाटी दूध पाजेल. त्यांनी टोपली तशीच बुट्टीत ओतली. भाटीने सगळ्यांना चाटून घेतले. दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांना उसाच्या कडेला उंच पायांचे, आखूड शेपटीचे रानमांजर हाका मारत फिरताना दिसले. त्यांनी आक्कांना फोन केला. मी त्या दिवशी दवाखान्यातच होते. आक्कांनी वनखात्याला कळवले आणि आम्ही निघालो; खात्याचा एक कर्मचारी तिथे येऊन थांबला.

बुट्टीत पाच पिल्लं होती. पाचही करड्या अंगाची, काळ्या पट्ट्यांची, डोळे नुकते उघडलेली. रानमांजर मोठेपणी एकरंगी दिसते, पण त्याच्या पिल्लांना पट्टे असतात. आक्कांनी विचारले की यातली घरची किती. काकू म्हणाल्या, "मोजली न्हाईत. पिल्लं मोजायची नसतात, आक्का. मोजली की भाटी घर सोडती."

"आणि उसातली किती आली?"

"ती बी पदराआड धरूनच ओतली की. बघितली न्हाईत."

बाळासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "गाईचं दूध थेंबाथेंबाचं मोजती ही."

"गाय घर सोडून जात न्हाय," काकू म्हणाल्या.

टोळीतल्या बायका शेजारच्या फडात होत्या. त्यांना विचारले तर एक म्हणाली दोन, दुसरी म्हणाली तीन. पिल्लं वेगवेगळ्या जागी सापडली होती आणि ज्यांनी त्यांनी टोपलीत टाकली होती.

अडचण स्पष्ट होती. आईची हाक बंद होण्याआधी, म्हणजे त्याच संध्याकाळी, पिल्लं तिच्याकडे जायला हवी होती. उसाचा एक कोपराच उभा उरला होता आणि दुसऱ्या दिवशी तोही जाणार होता. तो गेला की ती मांजरी निघून जाणार. घरचे पिल्लू चुकून बाहेर ठेवले तर ती त्याला कदाचित मारेल. रानातले पिल्लू चुकून घरात राहिले तर ते आयुष्यभरासाठी आईपासून आणि रानापासून तुटणार. माझ्याकडे नमुने घेण्याची साधने होती. मी तसे म्हणाले. आक्का म्हणाल्या, "घे. पण तुझं उत्तर येईपर्यंत इथं उसाची पुढची लागण झालेली असंल."

मी पाचही पिल्लांच्या तोंडातून कापसाच्या काडीने नमुने घेतले. आक्कांनी एक शिवणाचा दोरा मागितला. प्रत्येक पिल्लाची शेपूट आणि मागचा पाय त्यांनी दोऱ्याने मापला, कानाची रुंदी बघितली, कानाच्या टोकाचे केस भिंगातून बघितले. दोन पिल्लांच्या शेपट्या आखूड, पाय लांब, कान रुंद. ती रानातली. दोघांच्या शेपट्या लांब. ती घरची. पाचव्याची शेपूट मधली, कान मधले. आक्कांनी त्याला तीनदा मापले. तिन्ही वेळा माप तेच आले.

"हे कुणाचं?" काकूंनी विचारले.

"मला माहीत न्हाय," आक्का म्हणाल्या.

पंचेचाळीसेक वर्षे जनावरे हाताळलेल्या बाईने चारचौघांसमोर, वनखात्याचा कर्मचारी शेजारी उभा असताना, हे शब्द इतक्या सहज उच्चारले की कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. बाळासाहेब म्हणाले, अंदाज तरी सांगा. आक्का म्हणाल्या की अंदाज चुकला तर भोगायचे पिल्लाला आहे, आपल्याला नाही.

दिवेलागणीच्या आधी पहिली दोन पिल्लं उसाच्या कडेला एका उघड्या खोक्यात ठेवली आणि आम्ही लांब गाडीत बसलो. ऊन उतरल्यावर ती रानमांजरी आली. खोक्याभोवती फिरली, एक पिल्लू मानेला धरून उसात गेली. परत येऊन दुसरे नेले. आणि मग ती तिसऱ्यांदा आली. रिकाम्या खोक्यात तोंड घातले. आजूबाजूचे पाचट हुंगत राहिली.

"तिसरं शोधतीया," काकू कुजबुजल्या. पाचवे पिल्लू त्यांच्याच मांडीवर होते.

मी म्हणाले की पिल्लं हलवणारी मांजरी सगळी नेऊन झाल्यावरही एकदा बघायला येते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. आक्का म्हणाल्या, ते खरे आहे आणि काकू म्हणतात तेही खरे असू शकेल. मग त्यांनी बाळासाहेबांना कोंबड्या झाकायचे बांबूचे डालगे आणायला सांगितले.

मांजरी उसात शिरल्यावर बाळासाहेबांनी पिल्लू खोक्याच्या जागी ठेवले, वर डालगे पालथे घातले आणि त्यावर दगड ठेवला. तिला वास येईल, आवाज येईल, पण पिल्लाला ती काही करू शकणार नाही. तिचे असेल तर ती डालगे उकरेल, हाका मारेल, मग दगड काढायचा. कमीत कमी धोक्यात जास्तीत जास्त माहिती कशी मिळवावी, हे मी कुठल्याही प्रयोगशाळेत इतके साधे पाहिलेले नाही.

ती आली. डालग्याच्या फटीला नाक लावून उभी राहिली. पिल्लू आतून ओरडत होते. तिने डालग्याला एक फेरी घातली आणि पुन्हा त्याच फटीशी थांबली. उकरले नाही, हाक मारली नाही. बराच वेळ ती फक्त हुंगत होती. मग वळून उसात गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही.

पिल्लू बुट्टीत परत गेले. भाटीने त्याला ओढून घेतले. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "माझंच हुतं की."

"असंल," आक्का म्हणाल्या. "आजच्यापुरतं तुझं. पक्कं मला माहीत न्हाय."

बाळासाहेबांनी तो कोपरा आणखी एक दिवस उभा ठेवला. कारखान्याची ट्रॉली रिकामी थांबली म्हणून टोळीच्या मुकादमाने त्यांना बरेच ऐकवले. त्यांनी ते ऐकून घेतले.

नमुन्यांचे काम मी प्रयोगशाळेत परवानगी घेऊन सुट्टीच्या वेळात केले. आईकडून येणारा डीएनए आधी तपासला. आक्कांनी रानातली म्हटलेली दोन रानातलीच होती. घरची दोन घरचीच. पाचव्याची आई घरची भाटी होती. इथे काम संपायला हरकत नव्हती. पण त्या मधल्या शेपटीचे कारण मला हवे होते, म्हणून बापाकडचे धागेही तपासले. पाचव्याचा बाप रानमांजर होता. एकाच वेतात वेगवेगळ्या बोक्यांची पिल्लं होऊ शकतात, त्यामुळे बाकीच्या दोघांचा बाप घरचाच बोका असण्यात विसंगती नव्हती. दोऱ्याने जे माप तीन वेळा मध्येच आले होते, ते बरोबर होते. उत्तरच मधले होते.

मी फोनवर हे आक्कांना सांगितले. मला वाटले त्यांना समाधान वाटले असेल. त्यांनी विचारले, "मग ती त्या फटीशी एवढा वेळ का थांबली? तिच्या पिल्लांचा बाप आणि ह्याचा बाप एकच असंल काय?"

आम्ही नेलेल्या दोन पिल्लांचे नमुने माझ्याकडे होते. ताडून पाहिले. नमुना थोडा होता आणि नीट निष्कर्ष निघाला नाही. मी तसे कळवले. आक्कांच्या आवाजात निराशा नव्हती. नवा प्रश्न मिळाल्यावर त्यांचा आवाज जसा होतो तसा होता. सुमनकाकूंना मात्र त्यांनी लगेच फोन करून सांगितले की पिल्लू तुझेच, शंका ठेवू नको. वनखात्यालाही सगळे लेखी कळवले. पिल्लू भाटीच्या पोटचे असल्याने ते घरातच राहू द्यावे असे तिथून उत्तर आले.

ते पिल्लू म्हणजे आता मोठी झालेली मांजरी आहे. उंच पायांची, काकूंच्या हातून दूध पिणारी, बाळासाहेबांच्या हातून न पिणारी. दिवसा माडीवर झोपते, संध्याकाळी उसात असते. अशा संकरातून झालेल्या बोक्यांना पुढे प्रजा होणे अवघड असते, मांजरींना होऊ शकते. ती सध्या गाभण आहे. निपाणीहून दर आठवड्याला खबर येते. या गौरव समारंभाची तारीख ठरवताना समितीने आक्कांना विचारले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हा केला की तो दिवस त्या मांजरीच्या दिवसांवर तर येत नाही ना. समितीतल्या ज्येष्ठांना याचा अर्थ लागला नसल्यास तो आता लागेल.

आक्कांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्या शेताचा बांध काठी घेऊन उतरतात, पण उतरतात. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आणि त्यांचे कडक बोल ऐकून घेतलेल्या आम्हा सर्वांच्या वतीने त्यांना उत्तम आरोग्य, शाबूत नजर आणि दीर्घ आयुष्य चिंतिते.

मागच्या शनिवारी त्यांनी हिशोब केला. रानाचे रक्त घरच्या मांजरांत किती टिकते हे कळायला निदान चार पिढ्या बघायला हव्यात. म्हणजे आपल्याला ऐंशी तरी गाठावी लागेल, असे त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांना सांगितले की चार पिढ्यांवरून काहीच ठरत नाही, कमीत कमी दहा लागतील.